बिनखुणेचा गळा

रविवारी सकाळी साडेनऊला जागेश्वर बैठकीतल्या पलंगाच्या काठावर बेस गिटार मांडीवर घेऊन बसला होता, आणि स्वयंपाकघरातून साधना म्हणाली, "जरा खाली." एवढंच. त्याला वाटलं, मोहाडीला आईशी फोनवर बोलत असेल, नाहीतर फळीवरचा डबा काढताना स्वतःशीच. मुलगा नागपूरला होस्टेलवर, घरात तिसरं कुणी नव्हतं. त्यानं तोच सूर पुन्हा वाजवला, सर्वांत जाड तारेवरचा जी, आणि आतून पुन्हा आलं, "अजून खाली. वर होऊन राहिला तुमचा." कणीक मळतानाचा परातीचा आवाज मध्ये थांबलाही नव्हता. जागेश्वरनं मोबाईलवरचं सूर दाखवणारं ॲप उघडलं. सुई मध्यावर हिरवी व्हायला हवी होती. ती उजवीकडे कलून लाल झाली होती. त्यानं बोट मागे घेतलं, सुई डावीकडे गेली. पुढे केलं, उजवीकडे. बोटाची नखाएवढी हालचाल, आणि सुई अशी पळत होती की जणू त्याची चेष्टा करायलाच ती बसवली आहे. "कूलरच्या सुरात नका मिळवू," साधना म्हणाली, "कूलर वर आहे." मग नळ सुरू झाला.

तो उठला आणि त्यानं कूलर बंद केला. एप्रिलचे शेवटचे दिवस, भंडाऱ्यात सकाळी नऊलाच भिंती तापायला लागायच्या. पाती फिरत फिरत थांबली, आणि इतके दिवस खोलीत भरून राहिलेली घरघर निघून गेल्यावर जी शांतता आली ती त्याला असह्य वाटली. त्यानं जी वाजवला. उघड्यावर उभ्या केलेल्या माणसासारखा तो सूर खोलीत उभा राहिला, आणि तो खरोखरच वर होता. म्हणजे महिनाभर तो कूलरशी सूर मिळवत होता. रोज ऑफिसातून आल्यावर तासभर, कपडे न बदलता, चहा निवू देत, तो एका पत्र्याच्या खोक्याच्या घरघरीला सा मानून रियाज करत होता. आणि त्याची बायको आत भाजी चिरत ते ऐकत होती आणि बोलत नव्हती. सोळा महिने. हा बेस घरात आल्यापासून सोळा महिन्यांत तिनं 'चांगलं आहे' म्हटलं नव्हतं की 'बंद करा' म्हटलं नव्हतं. त्यानं समजूत करून घेतली होती की तिला ते ऐकूच येत नाही. बेस तसाही कुणाला ऐकू येत नाही. लग्नाच्या मांडवात लोक गायकाकडे बघतात, ढोलकवाल्याच्या अंगावर नोटा उडवतात, कीबोर्डवाल्याला फर्माइशी देतात. बेसवाला मागे उभा असतो, त्याचा सूर लोकांच्या छातीत वाजतो आणि लोकांना वाटतं की आपल्याला जेवण जड झालं. त्यात इतकी वर्षं त्याचं काही बिघडलं नव्हतं. जुन्या बेसवर गळ्यावर आडव्या धातूच्या पट्ट्या होत्या, फ्रेट; दोन फ्रेटच्या मध्ये बोट कुठंही पडो, सूर नेमका तोच यायचा. माणूस झोपेत वाजवू शकत होता, आणि डोंगरगावच्या एका वरातीत त्यानं खरोखरच झोपेत वाजवलं होतं. या नव्या बेसच्या गळ्यावर काहीच नव्हतं. काळंभोर गुळगुळीत लाकूड, वरून खालपर्यंत. बाजूच्या कडेवर मोहरीएवढे पांढरे ठिपके, तेही मान वाकडी करून पाहिल्यास आपल्या जागेवरून सरकल्यासारखे वाटायचे. उजेड बदलला की बोट चुकायचं, खुर्ची बदलली की बोट चुकायचं, ऑफिसात साहेबानं तीन वेळा फाईल परत पाठवली की बोट चुकायचं. सोळा महिन्यांत डाव्या हाताची चार बोटं सोलून निघून पुन्हा टणक झाली होती, आणि अजून कुठला सूर कुठं राहतो याचा पत्ता लागत नव्हता. आज सापडला म्हणावं तर उद्या तो तिथून घर बदलून गेलेला असायचा.

मग सोडून का देत नाही, हे त्यानं स्वतःला इतक्यांदा विचारलं होतं की त्या प्रश्नाचाही आता राग येत होता. दोन वर्षांपूर्वी तो नागपूरला जुन्या बेसची वायर बदलून आणायला गेला होता. दुरुस्तीवाल्याच्या दुकानात भिंतीवर हा टांगलेला होता. दुरुस्तीवाला जेवायला आत गेला आणि जागेश्वरनं उगाच तो उतरवून ॲम्प्लिफायरला लावला. त्यानं एक सूर धरला आणि बोट न उचलता पुढच्या सुरापर्यंत नेलं. फ्रेटवर असं केलं की पायऱ्या उतरल्यासारखे खटखट सूर येतात. इथं मध्ये काही तुटलंच नाही. सूर चालत गेला. जाता जाता तो किंचित फुगला, नाकातून गुणगुणल्यासारखा, आणि शेवटाला बोट जरा हलवलं तर थरथरला. जागेश्वरच्या मानेवर काटा आला. आंबागडला, किल्ल्याच्या पायथ्याशी, तो लहान असताना मे महिन्यात सगळं गाव पहाटे विडीचा तेंदूपत्ता तोडायला जंगलात शिरायचं. माणसं पांगायची, झाडीत एकमेकांना दिसायची नाहीत, अस्वलाची भीती असायची, म्हणून थोड्या थोड्या वेळानं जो तो हाक घालायचा. शब्द नसायचा त्या हाकेत. त्याचा बाप सुखराम खालून सुरू करायचा, आवाज वर चढवत न्यायचा आणि शेवटी असा काही मोडायचा की दोन टेकड्यांपलीकडून ओळखू यायचं, हा सुखराम, आणि तो अजून आहे. बापाला सा माहीत नव्हता. बाप जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि ती हाक जागेश्वरला कधी आठवलीही नव्हती, ती एकदम त्या दुकानात डाव्या हाताच्या बोटाखालून निघाली. दुरुस्तीवाला तोंड पुसत बाहेर आला तेव्हा हा डोळे मिटून उभा होता. असं काही एकदा झालं की माणूस फसतो, पैसे साठवून ती वस्तू घरी आणतो. पुन्हा तसं होईल म्हणून रोज बसतो, आणि होतं काय, तर कूलर.

आतून फोडणीचा वास आला. तो तिथंच बसून घामानं भिजत होता आणि त्याच्या मनात दुसरंच काहीतरी वर येत होतं. कूलर वर आहे. हे तिला कळतं. पत्र्याचा कूलर जीपेक्षा किती वर वाजतो ते जिला पोळीची कणीक मळता मळता कळतं, तिला काय कळत नसेल? हे त्याला नव्यानं समजायचं काही कारण नव्हतं. साधना मोहाडीच्या केशवराव मास्तरांची मुलगी, पाचव्या वर्षापासून पेटीशेजारी बसलेली, परीक्षा दिलेली. विनोदच्या ऑर्केस्ट्रात ती गायला आली तेव्हाच तर त्यांची ओळख झाली. लग्नानंतरही ती आठ महिने गायली. आणि मग तुमसरला तो कार्यक्रम झाला, आणि ती गायची थांबली. इथपर्यंत आलं की त्याचं मन नेहमी दुसरीकडे वळायचं. कधी ऑफिसातल्या कालव्याच्या नोंदींकडे, कधी गच्चीवरच्या टाकीकडे. आज वळायला जागाच सापडेना.

तुमसरच्या एका शाळेचा सोहळा होता, दुपारचा, कापडी मांडवात. साधना गात होती आणि पहिल्या कडव्याच्या मध्येच लाईट गेली. कीबोर्ड, गिटार, बेस, माईक, सगळं एका झटक्यात मुकं. राहिला फक्त ढोलक, आणि ती. ती थांबली नाही. माईकशिवाय, नुसत्या गळ्यानं तिनं गाणं धरून ठेवलं, आणि हजारभर पोरं टाळ्यांवर ठेका देऊ लागली. दोन मिनिटांनी जनरेटर सुरू झाला. जागेश्वरनं सर्वांत आधी तिच्या सुरावर आपला सूर टाकला, बरोबर तिच्या पायाखाली, आणि तिनं मागे वळून पाहिलं होतं, हसली होती. तेवढ्यात विनोदचा कीबोर्ड आला. विनोदनं तिच्यासाठी पट्टी बटण दाबून अर्ध्या सुरानं चढवून ठेवली होती, ती लाईट जाताच मूळ जागी उतरली होती, हे विनोदच्या लक्षात आलं नाही. तो पूर्ण ताकदीनं अर्धा सूर खाली वाजवत सुटला. एका बाजूला ती, एका बाजूला कीबोर्ड आणि दोन मोठे स्पीकर. मध्ये जागेश्वर. आणि जागेश्वर एक फ्रेट खाली सरकला. बस, एक फ्रेट. बोट उचललं, शेजारी ठेवलं. अर्धा सेकंदही लागला नाही. तो सरकला तसा गिटारवालाही सरकला, आणि ती एकटी वर राहिली. बरोबर होती ती. पण तिथं एकट्या बाईचं बरोबर असणं कुणाला ऐकू येणार होतं? ती खाली यायला गेली, आवाज फाटला, पोरांनी शिट्ट्या घातल्या. परतीच्या गाडीत विनोद म्हणाला, होतं असं, वहिनींचा सूर सुटला. आणि जागेश्वर खिडकीबाहेर बघत राहिला. त्यानं ठरवून टाकलं की तिला गोंधळात काही कळलं नसेल. त्या ठरवण्यावर त्यानं चौदा वर्षं काढली. मुलगा झाला, घर झालं, ती पोळ्या करत राहिली, आणि आज तिनं सांगितलं की कूलर वर आहे.

अकरा वाजता विनोद आला. मोटारसायकल फाटकाशी लावून, रुमालानं मान पुसत, "काय गर्मी आहे यार, कूलर काहून बंद ठेवला?" म्हणत तो पलंगावर टेकला. त्याचं पोट सुटलं होतं आणि केसांना कलप होता, पण वीस वर्षं ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्याचा तो मोकळा, सगळ्यांना सामावून घेणारा आवाज तसाच होता. साधनानं चहा आणून ठेवला.

"पुढच्या हप्त्यापासून लग्नं लागून राहिले," विनोद म्हणाला. "मी साफ सांगतो भाऊ, बुरा नको मानू. तो फ्रेटवाला आण. मागच्या दोन कार्यक्रमांत मले कीबोर्डवर डाव्या हातानं तुले झाकून घ्यावं लागलं."

"अजून थोडा टाईम दे."

"सोळा महिने झाले, जाग्या. लोकायले नाचायचं आहे. त्यायले तुह्या त्या घसरगुंडीचं काय? सूर एका जागी पाहिजे. फ्रेट कायले शोधले माणसानं? तुह्यासारख्यायसाठीच शोधले."

जागेश्वरच्या कानशिलाशी रक्त चढलं. त्याला सांगायचं होतं की फ्रेटवर सूर मिळतो पण आपला होत नाही. आणि हे मनातल्या मनात म्हणतानाच त्याला ते वाक्य अत्यंत पोकळ वाटलं, कारण आपला तर बिनफ्रेटवरही होत नव्हता. विनोदनं दाराशी उभ्या असलेल्या साधनाकडे पाहून नेहमीची गंमत केली. ही गंमत तो वर्षातून दोन-तीनदा तरी करायचा.

"वहिनी, तुमच्या घराण्यातच आहे म्हणा हे. एकानं तुमसरले सूर सोडला, आता दुसरा सोडून राहिला."

दर वेळी जागेश्वर यावर हसायचा. आताही त्याचे ओठ हसायला लागलेच होते. सवयीनं, बोट शेजारी सरकावं तसे. ते त्यालाच जाणवलं आणि त्याला स्वतःची किळस आली.

"तिनं नव्हता सोडला," तो म्हणाला.

"काय?"

"तुमसरले. लाईट आल्यावर तुझा कीबोर्ड अर्धा सूर खाली होता. ती बरोबर होती. मी तिच्याच सुरात होतो, मग तुझ्याकडं सरकलो. मी सरकलो, विनोद. तिनं काही सोडलं नाई."

विनोदनं कप खाली ठेवला. "अबे, चौदा वर्षांपूर्वीच्या गोष्टी काढून राहिला तू? मी कशासाठी आलो, अन् तू..." त्यानं साधनाकडे पाहिलं. विनोद उठला. "ते जाऊ दे. कोणता आणणार, तेवढं सांग."

"हाच."

"मग राहू दे. मी कीबोर्डवरच भागवतो." दारात तो क्षणभर घुटमळला, साधनाला काही म्हणावं असं त्याच्या तोंडावर आलं, पण त्यानं नुसते हात जोडले आणि गेला. मोटारसायकलचा आवाज कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकू येत होता.

जागेश्वर वाट पाहत राहिला. एवढं बोलल्यावर काहीतरी व्हायला हवं होतं. ती रडेल, किंवा ओरडेल, किंवा जवळ येऊन बसेल. वीस वर्षांची जागा त्यानं आत्ता, चहाचा कप निवायच्या आत घालवली होती. साधनानं कप उचलले.

"तुले मालूम होतं?" त्यानं विचारलं.

"काय?"

"मी सरकलो ते."

"तुमाले काय वाटलं, मले ऐकू नाई आलं?" तिचा आवाज चढला नव्हता. "माह्या पायाखाली होते तुमी. पायाखालचं निघून गेलं तर माणसाले समजत नाई का?"

"मग बोलली काहून नाई इतके वर्षं?"

"मी बोलू? सरकले तुमी, अन् बोलू मी?" ती कप घेऊन आत गेली आणि आतूनच म्हणाली, "बरं, जेवून घ्या. मले एकच्या गाडीनं मोहाडीले जायचं आहे."

"दर रविवारसारखं आईकडं?"

"आईकडं उतरीन. देवीच्या देवळात आमचं भजन आहे."

"आमचं म्हणजे?"

"आमच्या मंडळाचं. पाच महिने झाले मी जाऊन राहिली दर रविवारी." ती ताट घेऊन दारात आली. "मागच्या खोलीत रोज संध्याकाळी म्हणून पाहते मी. तुमी इथं ते घेऊन बसले असता. मधात एक भिंत आहे फक्त."

पाच महिने. तो इथं एका सुरासाठी कान फाडून बसत होता, लाकडाला कान लावून, ॲपची सुई बघत, आणि भिंतीपलीकडे त्याची बायको गात होती. कुणावर चिडावं तेही कळेना. तिच्यावर चिडता येत नव्हतं, भिंतीवर चिडून उपयोग नव्हता. वरण-भात कालवता कालवता त्यानं विचारलं, "मी येऊ?"

तिनं त्याच्या ताटात भात वाढला. "या. पण ते इथंच ठेवा."

तुमसरची एस.टी. भरलेली होती. वरठीच्या पुढे जागा मिळाली. दोन्ही बाजूंना उन्हाळी धान हिरवंगार उभं होतं आणि त्यावरून येणारा वारा गरम होता. साधना पदराआड मोबाईल धरून आजची पदं वाचत होती. त्याचे हात मोकळे होते आणि त्याला त्यांचं काय करावं ते समजत नव्हतं. मोहाडीला उतरून ते साधनाच्या आईकडे, गिरजाबाईंकडे, पाणी प्यायले, त्यांनी जावयाला पाहून घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला आणि "आज हे कसे का?" असं मुलीलाच विचारलं. देवळाच्या सभामंडपात पंधरा-वीस बायका होत्या, एक पेटी, एक ढोलक, झांजा. पुरुष दोनच, तेही खांबाला टेकून पेंगणारे. जागेश्वर त्यांच्या मागे बसला.

साधनानं सुरुवात केली. चौदा वर्षांत आवाज खाली उतरला होता, जाड झाला होता; मधल्या सप्तकात थोडी खर आली होती. आधी त्याला ते ऐकवेना. आपण काय घालवलं त्याचा हिशेब करायला तो आला होता आणि त्या तयारीनं मान खाली घालून बसला होता. पण तिसऱ्या पदाला त्याची मान वर आली. ती सुरावर थेट जात नव्हती. प्रत्येक वेळी ती किंचित खालून निघायची, जवळ यायची, आणि मग तो धरायची. कधी धरलेला हातचा जायचा आणि ती चालत्या गाण्यातच तो पुन्हा घ्यायची. तिलाही दर वेळी शोधावाच लागत होता. फक्त शोधायला ती थांबत नव्हती. त्याच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागली, तिच्या मागोमाग, आणि त्यानं ती हलू दिली. शेवटच्या पदाच्या शेवटच्या कडव्यात तिचा दम पुरला नाही. सूर खचला, आणि पेटीपासून सुटून दोन ओळी तसाच राहिला. कुणी वळून पाहिलं नाही. झांजा वाजत होत्या, बायका टाळ्या देत होत्या. जागेश्वरच्या तोंडातून 'जरा वर' निघता निघता राहिलं. मग ती परत आली, आणि आरती झाली.

परतीच्या गाडीला गर्दी नव्हती. ऊन कललं होतं. साधना खिडकीशी बसली, प्रसादाची पुडी तिनं त्याच्या हातात दिली. मोहाडीचं शेवटचं घर मागे पडेपर्यंत ती बाहेर बघत होती.

"कसं झालं?" तिनं विचारलं.

छान झालं, हे त्याच्या जिभेवर तयार होतं. त्यात खोटंही नव्हतं. कंडक्टर जवळ आला, जागेश्वरनं दोन तिकिटं घेतली, नीट घडी करून खिशात ठेवली.

"शेवटच्या कडव्यात उतरली होती तू."

साधनानं त्याच्याकडे पाहिलं. एखाद्या अनोळखी माणसानं नाव घेऊन हाक मारावी तसं.

"किती?"

"थोडीशी. सुताएवढी."

"सुताएवढी?" ती म्हणाली, आणि वैतागून तिनं खिडकीची काच खाली ओढली. "चांगला पाव सूर उतरली होती मी. तुमाले अजून नीट ऐकू येत नाई."